तळटीप : विषाणूची बनावट किल्ली

१. वर कमल रणदिवे यांच्या मुंबईतील संशोधनाच्या ओघात ‘विषाणूमुळे रक्ताचा कर्करोग’ असा उल्लेख आला आहे. विषाणू पेशीत शिरला की कर्करोग झाला, असा त्याचा अर्थ घेऊ नये. शार्लट फ्रेंड यांनी १९५७ मध्ये उंदरांतील ज्या विषाणूचे वर्णन केले, त्याचे जीपी५५ हे प्रथिन एरिथ्रोपोएटिनच्या ग्राहीला, म्हणजे पेशीवरील निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, चिकटते. हे संप्रेरक मूत्रपिंडात तयार होते आणि तांबड्या पेशी वाढवण्याचा निरोप देते. विषाणूचे प्रथिन म्हणजे त्याच कुलपाची बनावट किल्ली. १९९० मधील प्रयोगात वाढघटकाविना मरणाऱ्या पेशी नुसत्या जीपी५५ने तगल्या नाहीत. सोबत ग्राही दिल्यावर मात्र तगल्या. यावर आक्षेप असा, की बेसुमार वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. तो रास्तच आहे : पुढे पीयू.१ जनुक अवाजवी चालू होणे, पेशींच्या वाढीला लगाम घालणारे पी५३ निकामी होणे, असे आणखी बिघाड लागतात. पण वाढलेल्या पेशींच्या गर्दीतच त्यांना वाव मिळतो. उंदरांतली गोष्ट माणसाला कशी लागू, हा दुसरा आक्षेप. माणसात या ग्राहीला असे फसवणारा विषाणू आढळलेला नाही. मात्र याच ग्राहीचा निरोप पेशीत पुढे नेणाऱ्या जॅक२ प्रथिनातील बिघाड २००५ मध्ये पॉलिसायथेमिया व्हेरा या तांबड्या पेशी बेसुमार वाढवणाऱ्या विकाराच्या बहुसंख्य रुग्णांत सापडला. विषाणू वेगळा काढला तरी वाट तीच राहते.—संपा.