नावं ठेवणाऱ्यांची समिती

आइसलँडमध्ये मूल जन्मलं की सहा महिन्यांच्या आत त्याचं नाव सरकारदरबारी नोंदवावं लागतं. नाव मान्य यादीत असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर अर्ज तिघांच्या एका समितीपुढे जातो. या तिघांना न्यायमंत्री चार वर्षांसाठी नेमतात. एकाची शिफारस विद्यापीठाची मानव्यविद्या शाखा करते, एकाची विधी शाखा आणि तिसऱ्याची भाषा मंडळ. लोकसंख्या चार लाखांच्याही आत, आणि बाळाचं नाव चालेल की नाही हे ठरवायला कायद्याने बसवलेली समिती! ऐकून हसू येतं. पण तिची जन्मकथा कळली की हसू जरा आवरतं.

समिती १९९१ ची, तिची मुळं मात्र १९१३ च्या कायद्यात आहेत. या देशात आडनावाची चाल मुळातच नाही. बापाच्या नावाची षष्ठी करायची, मुलगा असेल तर पुढे ‘सोन’ लावायचं, मुलगी असेल तर ‘दोत्तिर’. योनचा मुलगा योन्सोन, मुलगी योन्सदोत्तिर. लग्नानंतर बाईचं नाव बदलत नाही, कारण ती नवऱ्याच्या बापाची मुलगी थोडीच होते? त्यामुळे आई, बाप, मुलगा, मुलगी अशा चौघांच्या घरात शेवटची नावं चार. आपण बापाचं नाव मध्ये घालून पुढे आडनाव लावतो. तिथे बापाच्या नावावरच मामला संपतो. टेलिफोन डिरेक्टरीसुद्धा पहिल्या नावाच्या क्रमाने छापली जायची. १९८० साली राष्ट्राध्यक्ष झालेल्या विग्दिस फिन्बोगादोत्तिर यांना सारा देश नुसतं ‘विग्दिस’ म्हणतो आणि त्यात कुणाला उद्धटपणा वाटत नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहरी, डेन्मार्कच्या वळणाच्या घरांत आडनावाची हौस शिरली. १९१३ च्या कायद्याने परवानगी काढून आडनाव घेण्याची सोय केली. १९१५ साली एका समितीने घेण्याजोग्या नावांची यादीही छापून दिली. त्यावर गदारोळ उठला. डेन्मार्कपासून सुटू पाहणाऱ्या देशाला ही उसनी चाल नको होती. १९२५ मध्ये संसदेने, म्हणजे आल्थिंगने, पुढे कुणी नवं आडनाव घ्यायचं नाही असा कायदाच केला. ज्यांच्याकडे आधीपासून होतं त्यांचं राहिलं. पोरांच्या नावांवर लक्ष ठेवायचं काम पाद्र्यांकडे आलं आणि वाद झालाच तर निवाडा विद्यापीठाकडे. १९९१ मध्ये हा निवाडा स्वतंत्र समितीच्या हाती आला. आज चालतो तो कायदा १९९६ चा.

समितीच्या कसोट्या चार. नावाला आइसलँडिक षष्ठीचा प्रत्यय लागला पाहिजे, नाहीतर ते नाव भाषेत रुळलेलं तरी असावं. भाषेच्या घडणीत ते बसावं. रूढ लेखनाला धरून असावं. आणि मुलाला त्याची लाज वाटायची वेळ येऊ नये. पैकी पहिली कसोटी खरी जीव की प्राण, कारण या भाषेत नाव विभक्तीप्रमाणे आतूनच हलतं. ‘एगिल’ हा माणूस चतुर्थीत ‘आग्ली’ होतो आणि षष्ठीत ‘एगिल्स’. गायिका ब्यर्कचं नाव म्हणजे भूर्ज वृक्ष. तिच्या मुलांनी आईचं नाव लावायचं म्हटलं तर ते ‘ब्यार्कार’ असं रूप घेऊन येईल. आईचं नाव लावायला मुभा आहेच. फुटबॉलपटू हेइदार हेल्गुसोन म्हणजे हेल्गाचा मुलगा. तेव्हा ज्या नावाची षष्ठीच होत नाही, त्याच्या पुढच्या पिढीने काय लावायचं, हा सवाल फुकाचा नाही.

हे दुखणं आपल्याला अगदीच अनोळखी नाही. आपण गंगेला, सीतेला म्हणतो, पण स्मितेला कोण म्हणतं? स्मिताला. आजोबांच्या पिढीतला गोविंद ‘गोविंदाला’ होता, आजचा विनोद ‘विनोदला’. नावांचं सामान्यरूप आपण कोणत्याही समितीशिवाय, चर्चा न करता सोडून दिलं. मराठीचं त्यावाचून काही अडलेलं दिसत नाही.

समितीचं मात्र वरचेवर अडत गेलं. वर्णमालेत नाही म्हणून ‘सी’ अक्षराची नावं नाकारली गेली. २०२० मध्ये ‘लूसिफर’ नाकारलं, ते सैतानाचं नाव म्हणून. तिथे मी समितीच्या बाजूने आहे. पण ‘ब्लाइर’ प्रकरणात तिची पुरती शोभा झाली. ब्लाइर म्हणजे मंद झुळूक, शब्द पुल्लिंगी. एका मुलीचा या नावाने बाप्तिस्मा झाला, पण समितीने नकार दिला. मग वर्षानुवर्षं तिच्या कागदपत्रांवर नावाच्या जागी नुसतं ‘मुलगी’. नोबेलविजेते हाल्डोर लाक्सनेस यांच्या १९५७ च्या कादंबरीत याच नावाची स्त्री आहे, हे आईचं म्हणणं. शेवटी जानेवारी २०१३ मध्ये रेक्याविकच्या न्यायालयाने निकाल दिला आणि पंधराव्या वर्षी पोरीला स्वतःचं नाव मिळालं. रेक्याविकचे माजी महापौर योन ग्नार यांनी तर आपलं ‘ग्नार’ कायदेशीर करून घेण्यासाठी २०१५ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टनचं न्यायालय गाठलं.

परदेशातून येऊन नागरिकत्व घेणाऱ्यांना पूर्वी आइसलँडिक नाव घ्यावं लागे; ती सक्ती १९९६ च्या कायद्याने उठली. २०१९ मध्ये पुरुषाचं नाव आणि बाईचं नाव हा भेदही कायद्यातून गेला. स्त्री किंवा पुरुष अशी नोंद नसलेल्यांना ‘सोन’ आणि ‘दोत्तिर’च्या जागी ‘बुर’ लावण्याची सोय झाली. हा शब्द जुन्या काव्यभाषेतून उचललेला आहे. समितीच मोडीत काढायची विधेयकं २०१८ आणि २०२० मध्ये आली, पण पार पडली नाहीत.

महाराष्ट्रानेही १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी सरकारी कागदांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव असा क्रम लावला. नाव कोणतं ठेवायचं यात मात्र हात घातला नाही, हे बरंच केलं. आइसलँडच्या समितीबद्दल माझं मत इतकंच: यादी तिने जरूर ठेवावी, षष्ठी कशी होते ते आईबापांना समजावून सांगावं, पण नकाराचा अधिकार तिच्या चौथ्या कसोटीपुरताच राहावा. पहिल्या तिन्हींचं काय करायचं ते बोलणारे लोक बघून घेतील.