दूध डेअरीला, कोरा चहा घरला

आमच्या माळशिरस तालुक्यात कालव्याचं पाणी आलं तो काळ मी बघितला नाही, वडिलांकडून ऐकला. भाटघरचं धरण 1928 साली पुरं झालं, नीरेच्या उजव्या कालव्यानं रानं भिजली आणि ऊस आला. त्याआधीचा मुलूख ज्वारी-बाजरीचा. ज्वारीच्या पाटात तीळ, कारळं, हुलगा, मटकी, असं कायबाय पेरलेलं असायचं. त्याची चटणी व्हायची, माडगं व्हायचं. भोगीला बाजरीच्या भाकरीला तीळ लावायचे ते नुसतं सणापुरतं नव्हतं, घरात तीळ असायचेच. ऊस आला तसा तीळ दुकानातून यायला लागला. विकतचा म्हणून चिमटीनं.

दुधाचं तसंच. 1970 पासून देशात दुधाचा महापूर योजना सुरू झाली. उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी 1967 साली बाएफ संस्था काढलेली, त्यांच्यासारख्यांमुळं संकरित गाई खेड्यापाड्यात पोचल्या. आमच्या दारात पहिली जर्सी आली तेव्हा माझं नुकतंच लगीन झालं होतं. पैका दिसला, खोटं कशाला बोलू. पण किटली भरून डेअरीला जायची आणि चुलीवर कोरा चहा उकळायचा. पोरांना वाटीभर मिळायचं. आई म्हणायची, "मला नको, मला दुधाचा वास येतो." ते खरं नव्हतं, हे मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

एकदा गाय व्याली आणि दुसऱ्या दिवशी उठंना. मान कुशीला वळवून पडली, कान गार. डॉक्टर म्हणाले, कॅल्शियम उतरलंय, सगळं दुधात गेलं. शिरेतून बाटली हळूहळू सोडली आणि तासाभरात गाय उभी राहिली! त्या दिवसापासून गाईला खनिज मिश्रण चालू केलं ते कधी चुकवलं नाही.

आई सत्तरीत अंगणात घसरली. नुसती बसल्या जागी पडली, तरी खुब्याचं हाड मोडलं. अकलूजला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, पाळी गेल्यावर बाईचं हाड भराभर झिजतं आणि जन्मभर पोटात कॅल्शियम कमी पडलेलं असलं तर जास्तच. मोठ्या माणसाला दिवसाला 1000 मिलिग्रॅम लागतं म्हणे. दोन-तीन भाकरीतून पन्नास-साठ मिळतं, पेलाभर दुधातून दोनशेच्या वर, चमचाभर तिळातून शंभराच्या आसपास. शेवग्याचा पाला, तांदुळजा यांतही असतं, आणि ते तर बांधावर फुकट.

म्हणजे गाईला बाटली, आईला कोरा चहा. हा हिशेब माझ्याच घरातला.

आता धार काढली की पहिला तांब्या घरात ठेवतो, मग किटली. आई वॉकर धरून ओट्यावर येते, पेला हातात घेते आणि म्हणते, "बाबा, डेअरीचं माप कमी भरंल की रं."

"भरू दे," मी म्हणतो.