धुळ्याच्या तुरुंगातली अठरा प्रवचनं आणि आपली व्याख्यानं

२०२० साली लॉकडाऊनमध्ये सभागृहं बंद झाली, पण व्याख्यानमाला थांबल्या नाहीत. वक्ता पुण्यात नाहीतर नागपुरात आपल्या घरी बसून बोलायचा आणि आपण धुळ्यात मोबाईलवर ऐकायचो. सुरतेला नोकरीला गेलेली आपली पोरं ऐकायची. रात्री परतीची एसटी नाही म्हणून एरवी कार्यक्रमाला येऊ न शकणाऱ्या साक्री-शिरपूरकडच्या बायाही ऐकायच्या. बऱ्याच मंडळांनी हे फेसबुक लाईव्हवर केलं, कारण ते फुकट होतं आणि कुणालाही जमत होतं.

आता त्यातलं उरलंय किती? १९ फेब्रुवारी २०२५ पासून फेसबुकने नियम बदलला. नवा लाईव्ह व्हिडिओ ३० दिवस राहतो, मग आपोआप पुसला जातो. जुने व्हिडिओही काढायचं ठरलं, फक्त त्याआधी उतरवून घ्यायला ९० दिवसांची मुदत. पण ही सूचना जाते पेज चालवणाऱ्याला. आपल्याकडे तो बहुधा कॉलेजातला एखादा कार्यकर्ता असतो आणि एव्हाना नोकरीसाठी बाहेरगावी गेलेला असतो. गेल्या महिन्यात मी अशी काही जुनी व्याख्यानं शोधत होतो. लिंका सापडल्या, पण उघडल्या नाहीत.

यावर कुणी म्हणेल, व्याख्यानच ते, बोललं आणि संपलं. पण आपल्याच गावाचा इतिहास वेगळं सांगतो.

१९३२ साली विनोबा भावे धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी ते कैद्यांसमोर गीतेच्या एकेका अध्यायावर बोलले. अठरा रविवार, अठरा प्रवचनं. समोर श्रोते किती? तुरुंगात होते तेवढेच. तिथे ध्वनिमुद्रणाचं यंत्र नव्हतं, पण साने गुरुजी होते. त्यांनी ती प्रवचनं ऐकता ऐकता भराभर लिहून घेतली. त्यातून ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झालं, भारतातल्या अनेक भाषांत गेलं आणि पुढे भूदान पदयात्रेत गावोगाव पोचलं. गुरुजींनी तेव्हा पेन्सिल उचलली नसती, तर ती प्रवचनं त्या भिंतींच्या आतच राहिली असती. दूरच्या श्रोत्यासाठी भाषण जपणं म्हणजे काय, हे धुळ्याने नव्वद वर्षांपूर्वीच पाहिलेलं आहे.

दुसरं उदाहरण लोकमान्यांचं. १९१६ साली स्वराज्यावर त्यांनी बेळगावात आणि नगरला मराठीतून भाषणं केली. सरकारच्या माणसांनी ती टिपून घेतली, अर्थात खटला भरण्यासाठी. पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने टिळकांकडून २० हजारांचा जातमुचलका आणि वर १०-१० हजारांचे दोन जामीन मागितले. प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं, टिळकांचे वकील होते बॅरिस्टर जिना. कोर्टाने म्हटलं की भाषण तुकड्यातुकड्याने नाही, सबंध वाचून त्याचा अर्थ लावायचा. आणि नोव्हेंबर १९१६ मध्ये तो हुकूम रद्द केला.

मला हा निकाल आजच्या काळात फार जवळचा वाटतो. आज दीड तासाच्या भाषणातली वीस सेकंदांची क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते आणि वक्त्यावर झुंड तुटून पडते. अशा वेळी मूळ अख्खं भाषण तारीखवार कुठेतरी असेल, तरच ‘सबंध ऐका’ असं म्हणता येतं. ते नसेल, तर ती क्लिप हाच पुरावा ठरतो.

आता दुसरी बाजू. काही वक्ते रेकॉर्डिंगला नाही म्हणतात आणि त्यांचं काही अगदीच चूक नाही. कॅमेरा लागला की माणूस जपून बोलतो. व्याख्यानाच्या मानधनावर ज्यांचं घर चालतं, त्यांचं तेच भाषण फुकट मिळू लागलं तर पुढचं गाव बोलावेल कशाला? म्हणून आधी विचारायचं, शक्यतो लेखी. ते नको म्हणाले, तर त्यांचा मान ठेवायचा. वर्षभराने टाका म्हणाले, तर वर्षभराने टाकायचं.

आणि नुसता व्हिडिओ चढवणं म्हणजे जपणं नव्हे. आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससीने २००३ मध्ये एनपीटेल सुरू केलं. त्यातली व्याख्यानं आज छोट्या गावातल्या इंजिनिअरिंगच्या पोरांच्या कामी येतात, कारण विषय, प्राध्यापक, व्याख्यानाचा क्रमांक सगळं लावलेलं आहे, हवं ते सापडतं. आपल्याकडे मात्र व्हिडिओचं नाव असतं ‘पुष्प दुसरे लाईव्ह’. कुणाचं, कशावर, कोणत्या साली? दहा वर्षांनी हे कोण ओळखणार?

तेव्हा इथल्या मंडळांना आणि वाचनालयांना माझं सांगणं एवढंच. लाईव्ह जरूर करा, पण मूळ फाईल स्वतःकडे ठेवा. दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या ठिकाणी. नावात वक्ता, विषय, गाव, तारीख घाला. चित्र थोडं कमी चांगलं आलं तरी चालेल, आवाज स्वच्छ हवा. हॉलच्या साउंड सिस्टीममधून थेट आवाज घेतला तर पंख्याची घरघर येत नाही. जमलं तर भाषण टाईप करून घ्या. कानाने कमी ऐकणाऱ्यांना ते वाचता येईल आणि शोधणाऱ्यालाही सापडेल. पेजचा पासवर्ड एकट्या माणसाकडे ठेवू नका.

राजवाडे गेले त्यानंतर १९२७ साली याच गावाने त्यांच्या नावाने संशोधन मंडळ काढलं आणि जुने कागद जपले. शंकरराव देवांनी समर्थांच्या परंपरेतली हस्तलिखितं गोळा करून वाग्देवता मंदिरात ठेवली. कागद जपायची सवय आपल्याला आहे, आता आवाज जपायची लावून घ्यायला हवी.

२०२० नंतरच्या एखाद्या स्थानिक व्याख्यानाची फाईल तुमच्या मोबाईलमध्ये किंवा पेन ड्राईव्हवर असेल, तर पुसू नका. आधी त्या मंडळाला कळवा, वक्त्याला विचारा. आणि कोणतं व्याख्यान आहे ते खाली कमेंटमध्ये लिहा, निदान यादी तरी करू.