आईच्या ताटातील भात आणि बाळाची उंची

जुलै २०२१ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात भारतातील मध्यान्ह भोजन योजनेविषयी एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. प्राथमिक शाळेत असताना ज्या मुलींच्या गटाला शासकीय जेवण पूर्णपणे मिळाले, त्या मुली मोठ्या होऊन माता झाल्यावर त्यांची बालके अशा जेवणापासून वंचित राहिलेल्या मातांच्या बालकांपेक्षा वयाच्या मानाने अधिक उंच आढळली, असा त्याचा निष्कर्ष होता. हा फरक ०.४ प्रमाण विचलनाएवढा होता. दोन वर्षांच्या बालकासाठी त्याचा अर्थ साधारण सव्वा सेंटीमीटर. सव्वा सेंटीमीटर ऐकायला क्षुल्लक वाटते. परंतु त्यामागे शंभर वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि तो विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम वाचावा असा आहे.

प्रथम उंचीच का मोजायची, हे पाहू. पाच वर्षांखालील बालकाची उंची जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकातील मध्यापेक्षा दोन प्रमाण विचलनांहून अधिक कमी असेल, तर त्याची वाढ खुंटली आहे असे मानतात. ‘भारतीय मुळातच बुटके’ असा आक्षेप यावर हमखास घेतला जातो. परंतु २००६ साली जाहीर झालेली ही मानके ज्या सहा देशांतील निरोगी, सुपोषित बालकांच्या मोजमापांवर आधारलेली आहेत, त्यांत ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिकेबरोबर भारतही होता. दिल्लीच्या सुस्थितीतील कुटुंबांतील बालके नॉर्वेच्या बालकांसारखीच वाढत होती. म्हणजे अगदी लहान वयात उंचीतील जी मोठी तफावत दिसते, तिचा फार मोठा भाग वंशाचा नसून परिस्थितीचा असतो. वारंवारचे आजार, अपुरा आहार, अस्वच्छ पाणी आणि मातेची अशक्तता या सर्वांची बेरीज हाडांच्या लांबीत नोंदली जाते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २००५-०६ मध्ये देशातील ४८ टक्के बालकांची वाढ खुंटलेली होती. २०१५-१६ मध्ये हे प्रमाण ३८.४ टक्के झाले, आणि २०१९-२१ मध्ये ३५.५ टक्के. ही घट का झाली, हा प्रश्न संशोधकांना पडला. त्याचे एक उत्तर शाळेच्या स्वयंपाकघरात सापडेल, असे मात्र फारसे कोणाला वाटले नव्हते. त्याचे कारण जीवशास्त्रीय आहे. वाढ खुंटण्याचा निर्णायक काळ म्हणजे गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे सुमारे हजार दिवस. शाळेतले जेवण सहाव्या वर्षी सुरू होते. तोवर ती खिडकी बरीचशी मिटलेली असते. मग जे जेवण मिळायलाच उशीर झाला, त्याने वाढ कशी सुधारावी?

उत्तराकडे जाण्यापूर्वी हे जेवण शाळेत आले कसे, ते पाहिले पाहिजे.

१९२० साली मद्रास महापालिकेने थाउजंड लाइट्स भागातील आपल्या एका शाळेत मुलांना दुपारचे खाणे देण्याचे ठरवले. महापालिकेचे अध्यक्ष होते जस्टिस पक्षाचे नेते पी. त्यागराय चेट्टी. अट अशी होती की, विद्यार्थ्यामागे दिवसाला एक आण्यापेक्षा जास्त खर्च होऊ नये. गरिबांची मुले शाळेत येत नाहीत, कारण ती उपाशी असतात, एवढे साधे निरीक्षण त्यामागे होते. शिक्षणाच्या निधीतून जेवणाचा खर्च करण्यास वसाहती शासनाची हरकत होती आणि १९२५ मध्ये ही योजना थांबली. जेवण हा शिक्षणाचा भाग आहे की नाही, हा वाद तेव्हापासूनचा आहे.

स्वातंत्र्यानंतर मद्रास राज्याचे मुख्यमंत्री के. कामराज यांनी १९५६ मध्ये तो धागा पुन्हा उचलला. घरच्या परिस्थितीमुळे कामराजांना स्वतःला लहानपणीच शाळा सोडावी लागली होती. त्यांच्या काळात शिक्षण संचालक एन. डी. सुंदरवडिवेलू यांनी गावोगावच्या लोकांना वर्गणी, धान्य आणि श्रमदान यांसाठी पुढे आणले. पुढे १ जुलै १९८२ रोजी मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांनी तिरुचिरापल्ली जिल्ह्यातील पाप्पाकुरिच्ची येथून या योजनेचा प्रचंड विस्तार केला. त्यावर टीकाही तितकीच झाली. हा लोकानुनय आहे, राज्याच्या तिजोरीला हे झेपणार नाही, हाच पैसा धरणे आणि कारखान्यांत घालावा, असे अनेक जाणकारांचे मत होते. परंतु एकदा ताट वाढले की ते काढून घेणे कोणत्याच पक्षाला शक्य नव्हते. पुढच्या सरकारांनी योजना मोडली नाही. उलट त्या ताटात अंडेही आले.

देशाच्या पातळीवर १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्र शासनाने प्राथमिक शिक्षणासाठी पोषण साहाय्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. परंतु बहुतेक राज्यांनी शिजवलेले अन्न न देता कोरडे धान्य दिले. मी त्या काळात महाराष्ट्रातील एका जिल्हा परिषद शाळेत शिकत होतो. महिन्याची हजेरी ८० टक्के भरली की ३ किलो तांदूळ मिळत असे. कापडी पिशवी घेऊन आम्ही रांगेत उभे राहत असू. तांदूळ घरी आला की तो घराचा होई; आजी, आजोबा, काका, धाकटी भावंडे अशा सगळ्यांत तो वाटला जाई, आणि तसे होणे स्वाभाविकच होते. त्यातला किती मुलाच्या पोटात जाई आणि किती मुलीच्या, हे कोणी मोजत नसे. मात्र मुलींच्या वाट्याला काय येई, हे आपल्याकडच्या घरांना ठाऊक आहे. शाळेत शिजलेले अन्न आणि घरी नेलेले धान्य यांत उष्मांकांचा नव्हे, हक्काचा फरक आहे. शाळेच्या पंगतीत मुलगी मुलाच्या शेजारी बसते आणि तिच्या ताटात तेवढेच पडते.

हा फरक न्यायालयाने ओळखला. २००१ साली राजस्थानात दुष्काळ होता आणि शासनाची गोदामे धान्याने भरलेली होती. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. २८ नोव्हेंबर २००१ च्या अंतरिम आदेशाने न्यायालयाने सर्व राज्यांना शासकीय आणि अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेले जेवण देण्यास सांगितले. प्रत्येक मुलाला किमान ३०० उष्मांक, ८ ते १२ ग्रॅम प्रथिने, आणि वर्षातून किमान २०० दिवस, इतक्या नेमक्या शब्दांत तो आदेश होता. एप्रिल २००४ च्या आदेशात स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती व जमातींना प्राधान्य द्यावे असेही म्हटले. पोषणाची योजना हळूहळू सहभोजनाचीही योजना झाली, आणि त्यामुळेच काही गावांत तिला विरोधही झाला.

सर्व राज्यांनी हा आदेश एकाच दिवशी पाळला नाही. काहींनी लगेच पाळला, काहींना वर्षे लागली. नागरिक म्हणून ही दिरंगाई खेदजनक आहे, परंतु संशोधकाला तिच्यात एक नैसर्गिक प्रयोग सापडतो. सारख्या आर्थिक स्तरातील, परंतु वेगळ्या राज्यांत किंवा वेगळ्या वर्षी जन्मलेल्या मुलींपैकी काहींना जेवण मिळाले, काहींना नाही. १९९९ मध्ये ६ ते १० वर्षांच्या केवळ ६ टक्के मुलींना शाळेत जेवण मिळत होते. २०११ पर्यंत हे प्रमाण ४६ टक्क्यांवर गेले. वॉशिंग्टन विद्यापीठ आणि आंतरराष्ट्रीय अन्नधोरण संशोधन संस्था यांच्या संशोधकांनी १९९३ ते २०१६ या २३ वर्षांतील राष्ट्रीय सर्वेक्षणांची माहिती जोडून या मुलींच्या पुढील पिढीपर्यंत माग काढला. त्यांच्या अंदाजानुसार २००६ ते २०१६ या काळात भारतीय बालकांच्या उंचीत जी सुधारणा झाली, तिच्यापैकी १३ ते ३२ टक्के सुधारणेशी या जेवणाचा संबंध जोडता येतो. परिणाम सर्वांत ठळक होता तो गरीब स्तरांत.

आता आधीच्या कोड्याचे उत्तर मिळते. खाणारीला जे जेवण उशिरा मिळाले, ते तिच्या बाळाला अगदी वेळेवर मिळाले. दुपारच्या ताटासाठी मुलगी शाळेत आली आणि शाळेत टिकली. टिकली म्हणून तिचे लग्न लांबले. पहिले मूल कोवळ्या वयात झाले नाही. एकूण अपत्ये कमी झाली. गरोदरपणात ती तपासणीसाठी आरोग्य केंद्रात गेली, प्रसूतीसाठी दवाखान्यात गेली. शिक्षण, जननदर आणि आरोग्यसेवांचा वापर हेच मार्ग संशोधकांनाही दिसले. त्याला खुद्द अन्नाचीही जोड होती. फरझाना आफ्रिदी यांनी मध्य प्रदेशात केलेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शाळेच्या जेवणामुळे मुलांची दैनंदिन प्रथिनांची तूट पूर्ण भरून निघाली आणि उष्मांकांची तूट सुमारे ३० टक्क्यांनी घटली, असे आढळले होते. आंध्र प्रदेशातील एका अभ्यासात दुष्काळाची झळ लागलेल्या लहान मुलांचे नुकसान या जेवणाने भरून काढल्याचे दिसले.

येथे सावधगिरीचा शब्द आवश्यक आहे. हा प्रयोगशाळेतला प्रयोग नाही. ज्या राज्याने जेवण लवकर दिले, त्याने रस्ते, पाणी आणि दवाखानेही बरे ठेवले असतील, ही शंका रास्त आहे. संशोधकांनी राज्य, जन्मवर्ष आणि आर्थिक स्तर यांनुसार तुलना करून ती शंका कमी केली. पुसून टाकली नाही. १३ ते ३२ हा पल्ला रुंद आहे, हे विसरू नये. शिवाय जेवणाचा दर्जा सगळीकडे सारखा नाही. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावात शाळेतले कीटकनाशकमिश्रित जेवण खाऊन २३ बालके दगावली. ज्या ताटावर पिढी उभी राहते, त्याच ताटाच्या हेळसांडीने घरे उजाडतात. योजनेच्या यशाची गोष्ट सांगताना ही गोष्ट वगळणे अप्रामाणिक ठरेल.

भौतिकशास्त्रात आम्हाला विलंबित प्रतिसादाची सवय असते. उन्हाळ्याची उष्णता जमिनीत काही मीटर खोल पोहोचायला कित्येक महिने लागतात. मे महिन्यात तेथे तापमापक ठेवून ‘सूर्याचा जमिनीवर काही परिणाम होत नाही’ असा निष्कर्ष कोणी काढला, तर आपण त्याला हसू. कल्याणकारी योजनांच्या बाबतीत मात्र आपण नेमके हेच करतो. अर्थसंकल्प एका वर्षाचा, सरकार पाच वर्षांचे, आणि या जेवणाचा प्रतिसाद येतो वीस वर्षांनी, तोही दुसऱ्याच माणसाच्या शरीरात. १९८२ साली ज्यांनी ‘यातून राज्याला काय मिळणार’ असे विचारले, त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. त्यांनी तापमापक फार लवकर वाचला.

आज ‘पीएम पोषण’ या नावाने चालणारी ही योजना २०२१ च्या शासकीय आकड्यांनुसार ११ लाख २० हजार शाळांतील ११ कोटी ८० लाख बालकांपर्यंत पोहोचते. हे अन्न शिजवणाऱ्या, बहुतांशी स्त्रिया असलेल्या, स्वयंपाकींच्या मानधनाचा केंद्राने २००९ मध्ये ठरवलेला दर होता महिन्याला १,००० रुपये, आणि तोही वर्षातील दहाच महिने. देशाच्या पुढच्या पिढीची उंची ज्यांच्या हातात आहे, त्यांच्या श्रमाला आपण दिलेली ही किंमत आहे.

मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे शाळा बंद झाल्या. पंगती उठल्या, आणि अनेक राज्यांत शिजवलेल्या अन्नाच्या जागी पुन्हा कोरडे धान्य घरी जाऊ लागले. माझ्या लहानपणीची ती पिशवी परत आली. त्या वर्षी आठ वर्षांची असलेली मुलगी २०३५ च्या सुमारास तेवीस वर्षांची असेल. कदाचित तिच्या मांडीवर बाळ असेल. गावची अंगणवाडी सेविका त्या बाळाला मोजपट्टीवर आडवे निजवून त्याची लांबी वहीत लिहून घेईल. २०२० साली त्याच्या आईच्या ताटात काय पडले आणि काय पडले नाही, त्याचा हिशेब त्या नोंदीत असेल. तो वाचायला तेव्हा आपल्यापैकी कोणीतरी संशोधक असावे, आणि त्याला आजचा इतिहास ठाऊक असावा.