झाडीपट्टीतील सिकलसेल : गर्भारपणातील तपासणीचा हिशोब

१/ चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात गरोदर स्त्रीचे रक्त सिकलसेलसाठी तपासले जाते. ही तपासणी किती लवकर व्हावी आणि तिच्यावरचा खर्च कितपत सार्थकी लागतो, या प्रश्नाला शंभर वर्षांहून मोठा इतिहास आहे. त्याचा हा धावता मागोवा.

२/ १९१० साली शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडाहून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तातील विळ्याच्या आकाराच्या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी मूळ दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत असल्याचे दाखवले. त्याच वर्षी आनुवंशिकतेचा नियमही स्पष्ट झाला : आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारांत एक.

३/ भारतात हा दोष प्रथम १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये आढळला. १९५८ मध्ये नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातील नोंद ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली. वाहकांना घातक मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळते. त्यामुळे मलेरियाग्रस्त जंगलांत हे जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिले. विदर्भात ते आदिवासी समाजांपुरते मर्यादित नाही. अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गीयांतही आढळते.

४/ चंद्रपूरचे विभाजन होऊन १९८२ मध्ये गडचिरोली जिल्हा झाला. १९८६ मध्ये तेथे आलेल्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी आरंभीच सिकलसेलचा अभ्यास केला. पुढे डॉ. अभय बंग यांनी मोकळेपणाने मांडले, की हा प्रश्न संशोधकांना महत्त्वाचा वाटला होता, लोकांनी तो मागितला नव्हता. तपासणीचा लाभ कोणाच्या दृष्टीने मोजायचा, हा मुद्दा या जिल्ह्यात तेव्हापासूनचा आहे.

५/ दरम्यान विज्ञान पुढे गेले. १९७८ मध्ये कॅन आणि डोझी यांनी गर्भजलातील पेशींच्या डीएनएवरून गर्भाचे सिकलसेल-निदान शक्य असल्याचे दाखवले. नंतर वारेचा सूक्ष्म अंश घेऊन तिसऱ्या महिन्याच्या सुमारासच हे निदान करता येऊ लागले.

६/ कागदावर साखळी सोपी आहे. आधी स्वस्त सोल्युबिलिटी चाचणी. ती दोष आहे एवढेच सांगते. वाहक कोण आणि रुग्ण कोण, हे कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. दोष निघाल्यास पतीची तपासणी. दोघांतही आढळला, तर समुपदेशन आणि त्यांची इच्छा असल्यास गर्भाचे निदान.

७/ कायद्यानेही यास वाट ठेवली. १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याने हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक विकारांसाठी प्रसवपूर्व निदानास परवानगी दिली. मात्र १९७१ च्या गर्भपातविषयक कायद्यात अशा कारणासाठी मर्यादा वीस आठवड्यांची होती. २०२१ च्या दुरुस्तीने वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने गंभीर गर्भदोषांसाठी ती शिथिल झाली.

८/ खरी अडचण अंतराची आणि वेळेची. भामरागडहून गडचिरोली दीडशे किलोमीटरहून दूर. पावसाळ्यात पर्लकोटा फुगली की रस्ताच बंद. पाचव्या महिन्यात नाव नोंदवणाऱ्या स्त्रीचा नमुना जाणार, अहवाल येणार, मग पतीला बोलावणार. चाचणीचा खर्च तेवढाच होतो, पण निवडीला उरलेला अवधी संपत आलेला असतो.

९/ अशा कार्यक्रमांसाठी सायप्रसचे उदाहरण दिले जाते. १९७० च्या दशकात तेथे थॅलेसेमियाच्या वाहकांची तपासणी सुरू झाली. आजन्म रक्त आणि औषधांचा वाढता खर्च लहान देशाला पेलणारा नव्हता. पण तो हिशोब जसाच्या तसा इथे लागू होत नाही. सिकलसेलची तीव्रता व्यक्तीगणिक बदलते. एका रुग्णाला वारंवार असह्य वेदना होतात, दुसरा बऱ्यापैकी निरोगी राहतो. गर्भाच्या अहवालातून हे नेमके सांगता येत नाही.

१०/ म्हणून केवळ ‘किती रुग्ण-जन्म टळले’ एवढेच मोजले, तर लाभाचा मोठा भाग हिशोबाबाहेर राहतो. गरोदर स्त्री स्वतःच रुग्ण असेल, तर तिचे बाळंतपण जोखमीचे असते. ते आधी कळले तर तयारी करता येते. बाळ रुग्ण असण्याची शक्यता माहीत असेल, तर जन्मताच तपासणी होते. बालवयात पेनिसिलीन दिल्याने प्राणघातक संसर्ग मोठ्या प्रमाणात टळतात, हे १९८६ च्या अमेरिकी चाचणीने सिद्ध केले. गर्भ ठेवण्याचा निर्णय घेणाऱ्या कुटुंबालाही लवकर झालेल्या तपासणीचा उपयोग होतोच.

११/ डिसेंबर २०२२ मध्ये चंद्रपूरच्या हिमोग्लोबिन-विकार संशोधन, व्यवस्थापन व नियंत्रण केंद्राचे लोकार्पण झाले. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचे उद्दिष्ट. तपासलेल्यांची संख्या अहवालात ठळक दिसेल. त्यांपैकी किती गरोदर स्त्रियांची तपासणी तिसऱ्या महिन्याच्या आत झाली आणि किती जणींना पतीच्या अहवालासह वेळेत सल्ला मिळाला, हे आकडे शेजारी मांडले, तरच झाडीपट्टीत हा खर्च सार्थकी लागला की नाही ते कळेल.