तिफण, डवरा आणि तासांचे अंतर : कारंजा (घाडगे) परिसरातील शेती अवजारांचा इतिहास

वर्धा जिल्ह्याच्या कापूस-व्यापाराचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला. तो कापूस ज्या अवजारांनी पिकविला, त्यांचा त्यामानाने अल्पच. कारंजा (घाडगे) परिसरातील लहान कोरडवाहू शेतात वखर, तिफण व डवरा ही सुटी साधने नसून एकच व्यवस्था होती. तिफणीच्या दात्यांतील अंतराने तासांचे अंतर ठरे आणि त्यात मावेल एवढीच डवऱ्याची पास असे. सुताराने दाता इंचभर चुकविला की डवरणीत रोपेच कापली जात! ओढावयास चपळ चालीचा गवळाऊ बैल. हेटीकुंडी येथील पैदास केंद्र याच तालुक्यातील. सरकी शेणमातीत चोळून पेरीत, अन्यथा तंतूंमुळे ती एकमेकींस चिकटून चाड्यात अडके.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर १९०३ चा. त्याने नांगरट बदलली, पेरणी नव्हे. कापसातून तिफण ट्रॅक्टरमुळे गेली, हे सर्वसाधारण मत प्रस्तुत लेखकास पटत नाही. १९७० मध्ये एच-४ हा संकरित वाण आला. महाग बियाणे मुठीने चाड्यात सोडणे परवडेना. एकेक बी हाताने टोबणे आले. २००२ मध्ये बीटी कापसास परवानगी मिळाली आणि ४५० ग्रॅमच्या पाकिटाने उरलासुरला प्रश्नही मिटविला. डवरा मात्र राहिला. फुलीवर टोबलेल्या पऱ्हाटीत तो उभा-आडवा, दोन्ही दिशांनी चालतो.