बालसुधारगृहांतील हिंसा आणि जमातीचा शिक्का : फेल्थम ते वऱ्हाड

ऑगस्ट महिन्याचा दुसरा रविवार भारतातील कॅथॉलिक ख्रिस्तसभा दरवर्षी 'कारागृह सेवा रविवार' म्हणून पाळते. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला राज्यभरातील भटक्या-विमुक्तांच्या वस्त्यांवर विमुक्त दिन साजरा होतो, कारण १९५२ साली त्या दिवशी गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला. हे दोन्ही दिवस एकाच महिन्यात येतात, तरी त्यांचा परस्परांशी काही संबंध आहे असे आपल्या धर्मग्रामांत क्वचितच बोलले जाते. कायद्याच्या भाषेत ज्यांना विधिसंघर्षग्रस्त बालके म्हणतात आणि आपण ज्यांना सरळ 'रिमांड होमची पोरे' म्हणतो, त्या मुलांच्या बाबतीत हा संबंध काय आहे, तो समजून घेण्यासाठी ही माहिती देत आहोत.

वंशभेद हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांसमोर गोरे व काळे लोक येतात आणि प्रश्न परदेशाचा होऊन जातो. भारत सरकारची भूमिकाही जात म्हणजे वंश नव्हे अशीच राहिली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने मात्र २००२ साली जन्मावर आधारलेला भेदभाव, ज्यात जात येते, आपल्या कक्षेत येतो असे स्पष्ट केले. २००७ साली भारताच्या अहवालाची तपासणी करताना, पूर्वीच्या 'गुन्हेगार जमातीं'वरचा कलंक टिकवून धरणारे सराईत गुन्हेगारविषयक कायदे रद्द करावेत, अशी शिफारसही या समितीने केली. शब्द कोणताही वापरा. जन्मावरून माणसाचा स्वभाव ठरवणे ही गोष्ट दोन्हीकडे एकच आहे.

या विषयावर जगात जी सर्वांत सखोल चौकशी झाली, ती इंग्लंडमधील. लंडनच्या पश्चिमेस फेल्थम येथे तरुण गुन्हेगारांचा तुरुंग आहे. झाहिद मुबारक हा पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबातील १९ वर्षांचा मुलगा सुमारे सहा पौंड किमतीची दाढीची पाती चोरल्याच्या व एका मोटारगाडीशी छेडछाड केल्याच्या गुन्ह्यात ९० दिवसांची शिक्षा भोगत होता. २१ मार्च २००० रोजी त्याची सुटका व्हायची होती. त्या दिवशी पहाटेच त्याच्याच कोठडीतील रॉबर्ट स्ट्युअर्ट या समवयस्क कैद्याने टेबलाच्या मोडलेल्या पायाने त्याच्या डोक्यावर घाव घातले. २८ मार्चला रुग्णालयात झाहिदचा मृत्यू झाला. २१ मार्च हा संयुक्त राष्ट्रांचा वंशभेद निर्मूलन दिन आहे.

स्ट्युअर्टला जन्मठेप झाली आणि सरकारच्या मते विषय तेथे संपला. कुटुंबाच्या मते तो तेथे सुरू होत होता. ज्याच्या पत्रांत वंशद्वेषी मजकूर होता, ज्याच्या मनोविकाराची नोंद झालेली होती आणि ज्याने आधीच्या तुरुंगांतही हिंसा केली होती, त्याला एका आशियाई मुलासोबत कोठडीत ठेवले कोणी? झाहिदच्या काकांनी व आईवडिलांनी तीन वर्षांहून अधिक काळ न्यायालयात लढा दिला. ऑक्टोबर २००३ मध्ये उमरावांच्या सभागृहाने, जे तेव्हा तेथील सर्वोच्च न्यायपीठ होते, सार्वजनिक चौकशी झालीच पाहिजे असा निर्णय दिला. न्यायमूर्ती कीथ यांचा अहवाल जून २००६ मध्ये आला. त्यात तुरुंग यंत्रणेच्या १८६ उणिवा नोंदवलेल्या आहेत.

हा १८६ चा आकडा नीट समजून घ्यावा. त्यातील बहुतेक उणिवा क्रौर्याच्या नाहीत, कंटाळ्याच्या आहेत. कागद एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात गेला आणि कोणी वाचला नाही. वाचला त्याने पुढे सांगितले नाही. ज्याच्याकडे कोठड्या ठरवण्याचे काम होते त्याच्यापर्यंत फाईल पोहोचलीच नाही. फेल्थमच्या दुरवस्थेविषयी तुरुंग निरीक्षकांनी आधीच इशारे दिलेले होते. वंशद्वेषाचे शेरे कर्मचारी थट्टा समजून सोडून देत आणि अल्पसंख्य मुलांच्या तक्रारी किरकोळ मानल्या जात. मारणारा हात एकाचा होता. परंतु त्या हातापर्यंत मुलाला नेऊन पोहोचवणारे हात पुष्कळ होते.

आपल्याकडे काय? ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईच्या माटुंगा येथील डेव्हिड ससून औद्योगिक शाळेत १६ वर्षांच्या एका मुलाचा सोबतच्या मुलांनी केलेल्या मारहाणीत मृत्यू झाला. ही संस्था १८५७ सालची, देशातील सर्वांत जुन्या सुधारशाळांपैकी एक. हे उदाहरण येथे जातीचे म्हणून देत नाही. देखरेखीचे म्हणून देत आहोत. २०१५ चा बाल न्याय अधिनियम सांगतो की निरीक्षणगृहातील मुले वय व लिंगानुसार वेगळी ठेवावीत आणि त्यांची शारीरिक व मानसिक स्थिती तसेच गुन्ह्याचे स्वरूप विचारात घ्यावे. फेल्थममध्ये जे चुकले, नेमके ते टाळण्यासाठी ही तरतूद आहे. ती पाळण्यासाठी पुरेशा खोल्या, पुरेसे काळजीवाहक आणि फाईल वाचणारा एक तरी अधिकारी लागतो.

तथापि आपल्या वऱ्हाडात मुलाची फाईल त्याच्या जन्माआधीच लिहिली गेलेली असते. गुन्हेगार जमाती कायदा १८७१ सालचा. १९११ च्या सुधारणेने त्याची व्याप्ती देशभर वाढली. एखादी जमात सूचित झाली की तिच्यातील माणसांची नोंदणी, बोटांचे ठसे, पोलिसांकडे हजेरी आणि गाव सोडण्यास परवानगी हे सारे ओघाने येई. कोणी काही केले असो वा नसो. सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा चोराचा मुलगा चोरच होणार, अशी त्यामागची विचारसरणी होती. या कायद्याने सरकारला मुले आईवडिलांपासून काढून औद्योगिक, शेतकी वा सुधारशाळांत ठेवण्याचा अधिकार दिला. आपण आज ज्याला बालसुधारगृह म्हणतो, त्याच्या वंशावळीत ही शाळाही आहे हे विसरता येत नाही.

वऱ्हाडाचे नाव या इतिहासात ठळक आहे. १८८२ साली मेजर गुन्थॉर्प या पोलीस अधिकाऱ्याने मुंबई इलाखा, वऱ्हाड व मध्य प्रांतांतील 'गुन्हेगार जमातीं'वर पुस्तक लिहिले. रसेल व हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जातीजमातींवरील ग्रंथ १९१६ चा; त्यातही पारध्यांचे वर्णन शिकारीच्या कौशल्यासोबत गुन्ह्यांच्या पद्धतींनी भरलेले आहे. अमरावती व अकोला जिल्ह्यांतील फासेपारधी म्हणजे फासे लावून तितर-बटेर पकडणारे. टाकणकर म्हणजे दारोदार फिरून जात्याला टाकी लावून देणारे. पिठाच्या गिरण्या आल्या आणि जात्याला टाकी लावण्याचे काम उरले नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारही गुन्हा ठरली. कायद्याचा हेतू योग्यच होता, पण त्या हेतूची किंमत ज्यांनी मोजली त्यांना पर्यायी रोजगार कोणी दिला नाही. आज दोन्ही समूह अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत. गावात चोरी झाली की पहिली गाडी बेड्यावर जाते, ही मात्र सवय झाली आहे.

ही सवय कोठवर जाते याचे उदाहरण आपल्या सीमेलगतचेच आहे. सप्टेंबर २००७ मध्ये बैतूल जिल्ह्याच्या मुलताई तालुक्यातील चौथिया येथे जमावाने पारध्यांची वस्ती जाळली व उद्ध्वस्त केली. काही जणांवर आलेल्या संशयाची शिक्षा लहान मुलांसह साऱ्या वस्तीला भोगावी लागली.

आता या पार्श्वभूमीचा मुलावर प्रत्यक्ष परिणाम कसा होतो ते पाहू. बाल न्याय अधिनियम वाचताना मन प्रसन्न होते. मूल निर्दोष आहे असे गृहीत धरावे. त्याच्यासाठी कलंक लावणारी भाषा वापरू नये. संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय असावा. त्याला पोलीस कोठडीत वा तुरुंगात ठेवू नये. २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे हजर करावे. जामीन हा नियम आहे आणि नकार हा अपवाद. परंतु नकाराच्या तीन कारणांपैकी पहिले असे आहे की, सुटका झाल्यास मूल ज्ञात गुन्हेगारांच्या संगतीत जाण्याची शक्यता असेल तर जामीन नाकारता येतो. शहरातील एखाद्या टोळीपासून मुलाला वाचवण्यासाठी ही अट शहाणपणाची आहे. पण ज्या मुलाचा बाप, काका, आजा पिढ्यानपिढ्या पोलिसांच्या यादीत आहे, त्याच्या बाबतीत 'ज्ञात गुन्हेगारांची संगत' याचा अर्थ त्याचे घर असा होऊ शकतो. कायद्यात जमातीचे नाव कोठेही नाही आणि तरीही जमातीचे मूल आत राहते, शेजारच्या पाटलाचे मूल संध्याकाळी घरी जाते. यात कोणा एका अधिकाऱ्याचा द्वेष असावाच लागत नाही. आमच्या मते संस्थात्मक अपयश म्हणतात ते हेच, आणि फेल्थमच्या कागदांशी त्याचे नाते सख्खे आहे.

हे किती मुलांच्या बाबतीत घडते, हे सरकारी आकड्यांतून कळत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग तुरुंगांतील प्रौढ बंदिजनांची सामाजिक वर्गवारी प्रसिद्ध करतो; विधिसंघर्षग्रस्त मुलांच्या तक्त्यांत शिक्षण व कौटुंबिक पार्श्वभूमी दिलेली असते, जमात नसते. जात लिहूच नये हा विचार चांगला वाटतो. पण रजिस्टरात न लिहिलेली जमात आडनावावरून, बोलीवरून, बेड्याच्या पत्त्यावरून सर्वांना ठाऊक असते. ठाऊक नसते ती फक्त तपासणी करणाऱ्याला.

या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाचे दोन अलीकडचे निर्णय माहीत असणे आवश्यक आहे. मे २०२४ मध्ये दिल्लीच्या एका प्रकरणात न्यायालयाने पोलिसांच्या हिस्ट्रीशीटमध्ये नातेवाईक म्हणून अल्पवयीन मुलांची नावे घालण्याच्या प्रथेस आळा घातला आणि वंचित समाजांतील निरपराध लोकांची नावे यांत्रिकपणे अशा नोंदींत येतात, याकडे साऱ्या राज्यांचे लक्ष वेधले. त्यानंतर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर, जातीनुसार कामे वाटणारे व भटक्या-विमुक्तांना स्वभावतः गुन्हेगार मानणारे तुरुंग नियम घटनाबाह्य ठरले. नियमावल्या तीन महिन्यांत सुधाराव्यात, बंदिजनांच्या रजिस्टरातील जातीचा रकाना काढावा आणि विमुक्त जमातींतील व्यक्तींना मनमानी अटक होऊ नये, असे आदेश दिले गेले. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड हे त्या खंडपीठात होते. रकाना काढणे आवश्यकच होते. पण भेदभाव मोजण्याची दुसरी व्यवस्था उभी राहिली नाही, तर अन्याय दिसेनासा होईल ही भीती उरतेच.

ख्रिस्ती वाचकाने या इतिहासात स्वतःकडेही पाहावयास हवे. गुन्हेगार जमातींच्या वसाहती चालवण्यात मिशनऱ्यांचा वाटा होता: साल्व्हेशन आर्मीने १९०८ पासून उत्तर भारतात, अमेरिकन मराठी मिशनने सोलापुरात. सोलापूरच्या त्या भागाला लोक अजूनही सेटलमेंट म्हणतात. या मंडळींनी शाळा काढल्या, उद्योग शिकवले, औषधे दिली. आणि तारेच्या कुंपणाला दयेचा रंगही दिला. त्या संस्था कॅथॉलिक नव्हत्या असे म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत. भारतीय कॅथॉलिक बिशप परिषदेने २०१६ च्या आपल्या दलितविषयक धोरणात ख्रिस्तसभेतही जातिभेद नांदतो हे मान्य केले आहे. आपल्या वसतिगृहांत पारधी मुले किती आहेत, आणि एखाद्याची पेटी हरवली की पहिली झडती कोणाची होते, हे प्रश्न कोणत्याही बोर्डिंगच्या व्यवस्थापकांनी शांतपणे स्वतःला विचारावेत.

आपल्या परंपरेत दुसरी वाटही आहे. संत जॉन बॉस्को यांना मुलांच्या कामाची हाक मिळाली ती १८४१ नंतर संत जोसेफ कफासो यांच्यासोबत ट्युरिनच्या तुरुंगांत जाताना. तेथे त्यांनी पाहिले की सुटलेली मुले परत परत येतात, कारण बाहेर त्यांचे कोणी नसते. पोप फ्रान्सिस यांनी आपल्या पहिल्याच पवित्र गुरुवारी, २८ मार्च २०१३ रोजी, रोममधील कासाल देल मार्मो या बाल तुरुंगात बारा तरुणांचे पाय धुतले. त्यांत मुलीही होत्या आणि एक मुस्लीम मुलगीही.

वऱ्हाडात असे काम बेड्यावरच्याच एका माणसाने केले आहे. मतीन भोसले या फासेपारधी शिक्षकाने नोकरी सोडली, स्थानकांवर व सिग्नलवर भीक मागणारी मुले गोळा केली आणि अमरावती जिल्ह्यातील मंगरूळ चव्हाळा येथे शाळा उभारली. तिचे नाव 'प्रश्नचिन्ह'. २०१९ मध्ये समृद्धी महामार्गाच्या कामासाठी तिची काही बांधकामे पाडण्यात आली. जी मुले रिमांड होममध्ये जाऊ नयेत म्हणून राज्याने धडपडायला हवे, त्यांची शाळा राज्याच्याच रस्त्यात आली.

धर्मग्रामांना काय करता येईल, याची कायदेशीर बाजू थोडक्यात अशी. प्रत्येक जिल्ह्यात बालसंस्थांसाठी तपासणी समिती असावी लागते; किमान तीन सदस्यांच्या पथकाने तीन महिन्यांतून एकदा तरी प्रत्येक संस्थेस भेट द्यावयाची असते आणि पथकात एक महिला व एक वैद्यकीय अधिकारी असणे बंधनकारक आहे. या भेटी होतात की नाही, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. संस्थेतील कर्मचाऱ्याने मुलाशी क्रूरपणे वागल्यास पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरीची तरतूद आहे. तक्रार १०९८ या क्रमांकावर कोणीही करू शकतो. मंडळ मुलाला जामीन देताना परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली अथवा 'योग्य व्यक्ती'च्या ताब्यात देऊ शकते, आणि अशी व्यक्ती वा संस्था म्हणून मान्यता मिळवण्याचा मार्ग आपल्या धर्मभगिनींच्या संस्थांना व प्रापंचिकांनाही खुला आहे. बेड्यावरचे पालक पहिल्या दिवशी पोहोचतातच असे नाही. कधी तेच अटकेत असतात, कधी पोलिसांच्या भीतीने गाव सोडून गेलेले असतात. जामिनाची पहिली सुनावणी बहुधा त्याच २४ तासांत होते.